काळी माती, मुरूम आणि टाकळा: निवड ओळखण्याच्या प्रयोगामागचा इतिहास

इंदूरभोवतीच्या काळ्या रानात टाकळा कंबरेएवढा होतो, आणि जवळच्याच टेकडीच्या मुरमावर वीतभर उंचीलाच शेंगा धरतो. हा फरक वाणातला की नुसता मातीचा? नैसर्गिक निवडीचं नाव घेण्याआधी हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची रीत बसायला डार्विनच्या १८५९च्या ग्रंथानंतरही कित्येक दशकं गेली.

फ्रान्सच्या गॅस्तों बोनिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने सपाटीवरची झाडं आल्प्समध्ये लावली आणि त्यांची पहाडी जात झाल्याचं जाहीर केलं. पुढे काटेकोर प्रयोगांत ते साधलं नाही. वाफ्यात आजूबाजूची रानझाडं शिरली असावीत, हेच स्पष्टीकरण पटतं. निंदणीत आणि खुणांत कसूर झाली की आजही प्रयोग असाच फसतो.

१९२२ साली स्वीडनच्या गोटे टूरेसॉनने वाळूच्या टेकड्यांवरची, समुद्रकड्यांवरची आणि जंगलातली एकाच जातीची झाडं एका बागेत वाढवली. बरेच फरक तिथेही टिकले, म्हणजे ते वंशातले होते. अशा गटांना त्याने ‘इकोटाइप’ म्हटलं. क्लाउझेन, केक आणि हीसी यांनी एकेका झाडाचे फुटवे वेगळे करून ते कॅलिफोर्नियात सुमारे ३०, १,४०० आणि ३,०५० मीटर उंचीवर लावले, म्हणजे वंश तोच आणि जागा तेवढी वेगळी. १९४० साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. पुढे ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी वेल्समधल्या जुन्या खाणींवर दाखवलं की धातूंनी विषारी झालेल्या मातीतलं गवत आणि काही मीटरांवरच्या कुरणातलं तेच गवत यांची सहनशक्ती वेगळी असते. वारा परागकण इकडून तिकडे नेतो, तरी हा फरक पुसला जात नाही, इतकी तिथली निवड कडक.

आपल्या गावाचाही यात धागा आहे. १९२४ साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी करणारे अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी जवसाच्या मुळांवर काम केलं होतं: काळ्या मातीतल्या वाणांची मुळं खोल, गंगेच्या गाळातल्यांची उथळ.

टाकळ्यावर हे करायचं तर दोन्ही जागांवरून किमान १५-१५ झाडांच्या शेंगा घ्याव्यात, झाडागणिक पुडी वेगळी. पहिली पिढी सगळी एकाच मातीत वाढवावी, कारण कसदार जमिनीतल्या झाडाचं बी टपोरं असतं आणि रोपाचा जोम त्यातूनच येतो. नाहीतर तो वाणाचा गुण समजला जातो. दुसऱ्या पिढीचं बी दोन्ही मातींत लावावं, कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. काठावरच्या कुंड्या लवकर सुकतात.

सगळ्यात मोठी चूक होते ती पेरताना. टाकळ्याचं कवच कठीण, म्हणून घाईने सगळं बी पॉलिशपेपरवर घासतात. पण पहिल्या सरीनंतर पावसाने ओढ दिली की उगवलेली रोपं करपतात, आणि कठीण कवचामुळे न फुगलेलं बी मातीत शाबूत राहतं. म्हणजे निवड जिथे होते तीच खूण आपण घासून टाकतो. आधी प्रत्येक पुडीतलं ५० बी ओल्या टीपकागदावर ठेवून दहा दिवसांत किती फुगलं ते मोजावं. उरलेलं बी त्यानंतर घासावं.