साका काढण्याची दोनशे वर्षांची खटपट

शँपेनचा विषय निघाला की दॉम पेरिन्यों या साधूचं नाव निघणारच. १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत तो ईशान्य फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठात तळघराचा कारभार बघत होता. बुडबुड्यांची वाईन पहिल्यांदा चाखल्यावर 'लवकर या, मी तारे पितोय' असं तो ओरडला म्हणे. हे वाक्य त्याच्या तोंडी बऱ्याच नंतर, जाहिरातींच्या काळात घातलं गेलं. खरा पेरिन्यों बुडबुडे घालवायच्या मागे होता. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं कशी जुळवावीत यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण फसफस ही त्याच्या लेखी वाईनची खोट होती.

खोट यायची थंडीमुळे. शँपेन प्रांत चांगलाच उत्तरेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस आंबायला लागायचा, तोवर हिवाळा यायचा आणि यीस्ट गारठून निपचित पडायचं. वाईन झाली असं समजून पिंपं विकली जायची. वसंतात ऊब आली की उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागायचं. उन्हाळ्यात इडलीचं पीठ रात्रीतून डब्याबाहेर येतं, तसलाच हा प्रकार. पिंपातून वायू निघून जातो. बंद बाटलीत मात्र त्याला वाट नसते, तो वाईनमध्येच विरघळतो.

ही खोट आवडली ती इंग्रजांना, आणि तिला बाटलीत धरून ठेवायची सोयही त्यांच्याकडेच होती. जहाजांना लाकूड हवं म्हणून १६१५ मध्ये राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले, आच वाढली आणि काच जाड व मजबूत व्हायला लागली. घट्ट बसणारी बुचंही त्यांच्याकडे होती. १६६२ च्या डिसेंबरात ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे एक निबंध ठेवला. वाईन तरतरीत आणि फसफसती व्हावी म्हणून आपले व्यापारी तीत साखर आणि काकवी घालतात, असं त्यात सरळ लिहिलंय. पेरिन्यों मठाच्या तळघरात यायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. फ्रेंचांपुढे हा मुद्दा काढताना जरा जपून!

फ्रान्समध्ये शँपेनची वाईन बाटल्यांतून बाहेर पाठवायला राजाची परवानगी मिळाली ती थेट १७२८ मध्ये. पुढच्याच वर्षी रुइनार ही शँपेन पेढी निघाली. धंदा वाढला, पण तळघरात जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. वसंतात बाटल्या फुटायच्या. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटायच्या, आणि वाईट वर्षी निम्माअधिक माल जमिनीत जिरायचा. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जायचे. वाईनमध्ये साखर किती उरलीय हे मोजायचं कसं, तेच कुणाला ठाऊक नव्हतं. १८३० च्या दशकात शालों गावच्या फ्राँस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने त्याची रीत बसवून दिली. आज लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. त्यातून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापटीच्या आसपास दाब तयार होतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटी-तिपटीने. बुचावर तारेची जाळी असते ती उगाच नाही. तीही १८४४ ची.

दाबाचं कोडं सुटलं, तरी साक्याचं होतंच. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. बाटली हलवली की वाईन गढूळ. ओतून दुसऱ्या बाटलीत घ्यावी तर वायू उडून जातो. इथे येते बार्ब-निकोल पोंसार्दां, नवऱ्याच्या नावावरून 'विधवा क्लिको' म्हणून प्रसिद्ध झालेली. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची होती. त्या काळच्या फ्रेंच कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय धंदा करता येत नसे, विधवेला येई. शँपेनच्या इतिहासात विधवा इतक्या का भेटतात, याचं निम्मं उत्तर या कायद्यात आहे.

१८१६ च्या सुमाराला तिच्या तळघरात एका टेबलाला तिरकी भोकं पाडली गेली. स्वयंपाकघरातलंच टेबल होतं, असं पेढी सांगते. भोकांत बाटल्या मान खाली करून खोवायच्या, रोज प्रत्येक बाटलीला हलका हिसडा देऊन थोडं फिरवायचं, दिवसेंदिवस आणखी उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा साका बुचापाशी येऊन बसतो. मग बूच उडवलं की साका बाहेर, आणि गेली तेवढी वाईन वरून भरायची. यात तिचा तळघरप्रमुख आंत्वान म्युलर याचा वाटाही मोठा होता. बूच उडवताना बरीच वाईन सांडायची. त्यावर १८८४ मध्ये तोड निघाली: बाटलीची मान थंडगार खारवणात बुडवायची, साक्याचा बर्फ होतो आणि दाबानेच तो गोळी सुटावी तसा बाहेर पडतो. मेरेटच्या निबंधापासून इथवर दोनशे बावीस वर्षं झाली. लेबलवरचं 'पारंपरिक पद्धत' म्हणजे ही एवढी सगळी उस्तवार. टाकीत फसफसवलेली इटलीची प्रोसेक्को वेगळी, आणि नुसता वायू भरलेली वाईन तर गोटी सोड्याची बहीण.

वर भरताना साखर किती घालायची, यावर गोडी ठरते. रशियन गिऱ्हाइकाला सरबतासारखी गोड लागायची, इंग्रजांना कोरडी, म्हणजे गोडी नसलेली. लुईज पोम्मेरी या आणखी एका विधवेने १८७४ ची कोरडी शँपेन इंग्लंडला पाठवली आणि 'ब्रूत' रुळली. आज ब्रूत म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय', म्हणजे नावाने 'जास्तच कोरडी', ही ब्रूतपेक्षा गोड असते. हा घोळ घालणाऱ्याला कोणीतरी पकडायला हवं होतं.

चाखताना मी साक्याकडेच लक्ष देतो. मेलेल्या यीस्टसोबत वाईन महिनोन्महिने पडून राहते (शँपेनमध्ये किमान १२ महिने), त्यातूनच भाजलेल्या पावाचा वास येतो. फार थंड केली की तो दबतो, आठ-दहा अंश पुष्कळ. ग्लासही नळकांडं नको, पोटाशी जरा फुगीर हवा. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, आवाज उसाशासारखा आला पाहिजे. आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात, म्हणून सोबत तळलेली सुरमई किंवा बटाटेवडा झकास.

पद्धत फ्रान्सबाहेर लवकरच गेली. स्पेनमध्ये कातालोनियात १८७२ मध्ये कोदोर्निउ या पेढीने ती आणली, आणि बाटल्या पिंजऱ्यात घालून यंत्राने फिरवायची युक्तीही पुढे तिथेच रुजली. आपल्याकडे ती आली १९८० च्या दशकात, तमाशाच्या पंढरीत, नारायणगावला. शामराव चौगुले यांच्या इंडेजने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे 'ओमर खय्याम' बनवली आणि परदेशीही पाठवली. ती कंपनी पुढे बुडाली. आता नाशिककडे सुला, यॉर्क या कंपन्या अशी वाईन बनवतात, आणि मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीची शांदोंही २०१३ मध्ये दिंडोरीतून बाजारात आली.

इथलं गणितच उलटं. एप्रिलात वेलीची नवी फूट येण्यासाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळं धरण्यासाठी गोडी छाटणी, आणि आंबटपणा उतरायच्या आत, ऐन थंडीत द्राक्षं तोडायची. मग त्या बाटल्यांना मार्च-एप्रिलची नाशिकची झळ लागू नये म्हणून कोठीघर रात्रंदिवस यंत्राने गार ठेवायचं. ज्या थंडीने शँपेनची वाईन बिघडवली, तिचं इथे दरमहा वीजबिल येतं.