कृपा झाली, हे कळते कसे? : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात सम्राज्ञीच्या सेवेत ग्रेगोरिया नावाची एक स्त्री होती. तिने पोप पहिला ग्रेगरी याला लिहिले की, माझ्या पापांची क्षमा झाल्याचे देवाने तुम्हाला प्रकट केले आहे, असे तुमच्याकडून लिहून येईपर्यंत मी तुमचा पिच्छा सोडणार नाही. ग्रेगरीचे उत्तर सौम्य होते, पण नकाराचे होते. तुझी मागणी अवघड आहे, कारण असे प्रकटीकरण मिळावे एवढी माझी योग्यता नाही. आणि ती निरुपयोगीही आहे, कारण पापांसाठी रडणेच शक्य उरणार नाही अशा अखेरच्या दिवसापर्यंत माणसाने निश्चिंत होऊ नये, असे त्याने कळवले.

ख्रिस्ती परंपरेत कृपेविषयी, म्हणजे माणसाची पात्रता नसताना देवाकडून मिळणाऱ्या दयेविषयी, जे वाद झाले, त्यांत दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले गेले. तारण, म्हणजे पापापासून सुटका, कोणामुळे होते, हा पहिला. ते आपले झाले आहे हे जिवंतपणी कळू शकते का, हा दुसरा. पहिल्यावर वाटते त्यापेक्षा अधिक एकमत होते. खरी अडचण दुसऱ्याने केली, आणि तिचे मूळ बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांतच आहे. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकणार नाही, अशी आपली खात्री असल्याचे पौल रोमकरांस लिहितो. तोच फिलिप्पैकरांना भीत व कापत आपले तारण साधून घेण्यास सांगतो. पुढच्या काळात ज्याने त्याने आपल्याला हवे ते वचन आधी वाचले, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

पहिल्या प्रश्नाचा निवाडा पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीन आणि धर्मोपदेशक पेलागियस यांच्या वादातून झाला. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, या पेलागियसच्या शिकवणुकीचा 418 मध्ये कार्थेज येथील परिषदेने निषेध केला, आणि 529 मध्ये ऑरेंज येथील परिषदेने विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असे ठरवले. मात्र सगळे श्रेय कृपेला देणाऱ्या याच ऑगस्टीनने असेही लिहिले की, शेवटपर्यंत टिकून राहणे हे देवाचे वेगळे दान आहे आणि ते आपल्याला मिळाले आहे की नाही, हे जिवंत असेपर्यंत कोणालाही निश्चित सांगता येत नाही. कृपा संपूर्ण, पण खात्री नाही, ही भूमिका मध्ययुगाने त्याच्याकडून घेतली. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने ती अधिक बारकाईने मांडली : देवाविषयीची गोडी, ऐहिक गोष्टींविषयीची अनास्था, स्वतःच्या ठायी घोर पाप नसल्याची जाणीव अशा खुणांवरून माणूस अंदाज बांधू शकतो, विशेष प्रकटीकरणावाचून निश्चित ज्ञान मात्र त्याला होत नाही.

ही शिकवण किती खोल रुजली होती, हे 1431 मध्ये रूआँ येथे फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कच्या, धर्मन्यायालयापुढील चौकशीत दिसले. तू देवाच्या कृपेत आहेस का, असे तिला विचारण्यात आले. होय म्हणावे तर धर्माने अमान्य केलेला उद्दामपणा, नाही म्हणावे तर स्वतःच्याच तोंडची कबुली. तिने उत्तर दिले : नसेन तर देव मला तीत आणो, असेन तर देव मला तीत राखो. सुमारे एकोणीस वर्षांच्या त्या मुलीचे उत्तर ऐकून विचारणारे थक्क झाले, असे तेथील एका लेखनिकाने पुढे साक्षीत सांगितले.

जर्मन मठवासी मार्टिन ल्यूथरला असा नुसता अंदाज पुरेसा वाटला नाही. मठात वारंवार पापकबुली देऊनही त्याच्या मनाला स्वस्थता मिळत नव्हती, आणि त्याच्या धर्मसुधारणेचे बीज या अस्वस्थतेत जितके आहे तितके पापमुक्तिपत्रांच्या विक्रीतही नसावे. ऑक्टोबर 1518 मध्ये आउग्सबुर्ग येथे पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान याने त्याची चौकशी केली, तेव्हा वादाचा एक मुख्य मुद्दा हाच होता : क्षमेचे वचन ऐकणाऱ्याने ती आपल्याला मिळाली असा निश्चित विश्वास ठेवलाच पाहिजे, असे ल्यूथर म्हणत होता. हे तर नवे चर्च उभारणे झाले, असे कायेतानने लिहून ठेवले. ल्यूथरच्या दृष्टीने खात्रीचा आधार माणसाचे मन नव्हे, तर बाहेरून आलेले वचन होते; म्हणूनच मनातल्या चाचपणीवर उभी असलेली जुनी पद्धत त्याला छळासारखी वाटे. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी याला उत्तर दिले : देवाची दया आणि ख्रिस्ताचे पुण्य यांविषयी शंका नको, पण आपण कृपेत आहोत हे चूक संभवणारच नाही अशा विश्वासाच्या खात्रीने कोणालाही कळू शकत नाही.

ल्यूथरनंतरचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या अनुयायांपुढे प्रश्न निराळ्या वाटेने परत आला. देवाने आधीच निवडलेले कधीच हरवत नाहीत, हे 1618-19 च्या, नेदरलँड्समधील डोर्ट येथील त्यांच्या धर्मसभेने पक्के केले. पण मी निवडलेल्यांपैकी आहे का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधले प्युरिटन, म्हणजे कॅल्व्हिनच्या मताचे कडक सुधारणावादी, स्वतःच्या आचरणात खुणा शोधू लागले, म्हणजे अक्वायनसच्या बरेच जवळ आले. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रिकेने तर खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, हे मान्य केले.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने खात्रीला अनुभवाची जागा दिली. 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना, रात्री पावणेनऊच्या सुमारास, आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाले आणि आपली पापे दूर झाल्याची खात्री मिळाली, असे त्याने रोजनिशीत लिहिले. त्या नोंदीचा उल्लेख सगळेच करतात. जानेवारी 1739 मध्ये त्याच रोजनिशीत त्याने आपण अजून ख्रिस्ती नाही असे लिहिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथेच लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवण्याविषयीच्या, म्हणजे देव पापी माणसाला कसा स्वीकारतो याविषयीच्या, संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. कॅथलिकांच्या वतीने तेथे म्हटले आहे की, देवाच्या दयेविषयी कोणी शंका घेऊ नये, पण स्वतःच्या उणिवांकडे पाहताना कोणालाही आपल्या तारणाची चिंता वाटू शकते.