यूएसबी ड्राइव्हची ओळख

पेनड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्क संगणकाला जोडल्यापासून तिच्यातल्या फाइली उघडता येईपर्यंत दोघांमध्ये चालणारी देवाणघेवाण. ही ओळख एका दमात पटत नाही, टप्प्याटप्प्याने पटते. म्हणून ‘पेनड्राइव्ह घेत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिची कारणे अनेक असतात.

सुरुवात विजेपासून होते. यूएसबी २.० मध्ये चार तारा असतात : ५ व्होल्टची एक, ग्राउंडची एक आणि डेटाच्या दोन. नेहमीच्या चपट्या प्लगमधल्या विजेच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांहून किंचित लांब असल्याने वीज आधी पोचते. मग ड्राइव्ह १.५ किलोओहमच्या रोधातून डेटाच्या एका तारेचा व्होल्टेज वाढवतो आणि काहीतरी जोडले गेल्याचे पोर्टला कळते. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. तिने डिस्क जोडली तर दिवा लागतो, पुढे काही घडत नाही. वीज अपुरी पडली की फिरत्या तबकडीची डिस्क टकटक करत राहते. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअर, ३.० कडून ९०० मिलीअँपिअर मिळण्याची हमी असते.

यानंतर संगणक ड्राइव्हला रीसेट करतो, १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो आणि १८ बाइटांचे वर्णन मागवतो. त्यात उत्पादकाचा व उत्पादनाचा क्रमांक असतो. साधनाचा प्रकार पुढच्या वर्णनात कळतो. साठवणीचा संकेतांक ०८. साधन स्वतःबद्दल जे सांगेल ते संगणक खरे धरून चालतो. पेनड्राइव्हच्या रूपातले एखादे साधन ‘मी कीबोर्ड’ म्हणाले, तर त्याला कीबोर्डचेच अधिकार मिळतात. सापडलेला पेनड्राइव्ह लावू नये, तो यासाठी.

विंडोज ९८ ला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे साधन हाताळणारा प्रोग्राम, लागे. विंडोज २००० पासून तो आतच असतो. हा ड्रायव्हर १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझीच्या (संगणकाला डिस्कसारखी साधने जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या) आज्ञावलीतूनच ड्राइव्हची क्षमता विचारतो. उत्तर शून्य आले किंवा ‘मीडिया नाही’ असे दिसले, तर बहुधा ड्राइव्हचा कंट्रोलर (त्याचा कारभार पाहणारी चिप) जिवंत आहे, पण त्याला मेमरी चिप वाचता येत नाही.

शेवटी विभाजन (ड्राइव्हच्या जागेचे पाडलेले भाग) आणि फाइल प्रणाली (त्यांत फाइली मांडण्याची पद्धत) वाचली जाते. ‘दिसतो पण उघडत नाही’ हा घोळ इथला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह दिसत असेल, तर कधी त्याला E:, F: असे ओळखीचे अक्षर मिळालेले नसते, कधी तेच अक्षर नेटवर्क ड्राइव्हने अडवलेले असते. अक्षर बदलले की काम होते. लिनक्सवर ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत फॉरमॅट केलेला, पूर्ण धडधाकट ड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही आणि ते सरळ ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारते. आतला मजकूर हवा असेल, तर इथे ‘नाही’ म्हणावे.