ध्रुवीय सफरींची आलिशान जहाजे : पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातींत युरोप आणि अमेरिकेच्या जोडीला अंटार्क्टिकाही दिसू लागला आहे. माणशी लाखो रुपये मोजून केल्या जाणाऱ्या या सफरींची माहिती कोकणात मात्र बहुधा वेगळ्या वाटेने पोहोचते. खेड-दापोलीपासून गोव्यापर्यंत असंख्य घरांतील कोणी ना कोणी जहाजावर नोकरीला आहे, आणि सुट्टीवर आलेल्या खलाशाच्या किंवा आचाऱ्याच्या फोनमधील छायाचित्रांत भूमध्य समुद्रातील बंदरांबरोबर आता हिमनगही असतात. या ध्रुवीय जहाजांना सरसकट ‘क्रूझ’ म्हटले जाते खरे, पण तीन-चार हजार प्रवासी घेऊन बंदरामागून बंदर करणाऱ्या तरंगत्या हॉटेलांचा आणि त्यांचा वंश एक नाही.

फरक कोठे आहे, हे कोकणातील जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही. मुंबईहून गोव्याच्या दिशेने जाणारी आगबोट वाटेतील कित्येक बंदरांत धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राही आणि उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या असे सर्व काही पडावातून चढे-उतरे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर प्रवाशांसाठी धक्का नाही, त्यामुळे तेथील सफरीचे सगळे गणित याच चढ-उतारावर बसवलेले आहे. पडावाचे काम तेथे झोडियाक नावाची हवा भरलेली रबरी होडी करते. एका खेपेस दहा-बारा माणसे तिच्या फुगीर कडांवर समोरासमोर बसतात. चढताना-उतरताना खलाशी हाताचा पंजा धरत नाही, तर प्रवाशाने आणि त्याने एकमेकांचे मनगटाच्या वरचे हात धरायचे असतात, कारण हातमोजा ओला असला की पंजा निसटतो. होडी खडीवर टेकली की गुडघ्यापर्यंतच्या बुटांनी पाण्यातच उतरायचे. जहाज कितीही आलिशान असो, हा भाग टळत नाही, आणि एका वेळी किती माणसे उतरवता येतात यावरच जहाज किती मोठे बांधायचे हे ठरते.

या पाण्यात माणूस प्रथम गेला तो अर्थातच सहलीला नव्हे. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक याने १७७३ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडले आणि १७७५ मध्ये तो दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर उतरला. तेथे सील विपुल असल्याची त्याची नोंद प्रसिद्ध झाल्यावर कातड्यांचे व्यापारी त्या बेटावर तुटून पडले आणि काही दशकांत फर सील जवळजवळ नामशेष झाले. पुढे देवमाशांची पाळी आली. नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सन याने १९०४ मध्ये याच बेटावर ग्रिटविकेन हे देवमासे कापण्याचे ठाणे वसवले, आणि विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ते बंद पडेपर्यंत तेथील भट्ट्यांत चरबी उकळत राहिली. आज प्रवासी त्याच गंजलेल्या टाक्यांमधून फिरतात आणि जवळच्या दफनभूमीत ध्रुवीय मोहिमांचा नेता अर्नेस्ट शॅकलटन याची कबर पाहतात. ज्या सुरक्षित खाड्या आणि उतरण्याच्या जागा आज सहलींच्या कार्यक्रमात असतात, त्यांतील कित्येक प्रथम शिकाऱ्यांनी हेरलेल्या आहेत, ही गोष्ट माहितीपत्रकांत फारशी ठळकपणे येत नाही.

उत्तरेकडे पर्यटन बरेच आधी सुरू झाले. नॉर्वेच्या किनाऱ्याने टपाल आणि माणसे नेणारी हुर्टिगरुटेन ही आगबोट सेवा १८९३ मध्ये सुरू झाली आणि तीनच वर्षांनी तिच्या बोटी उन्हाळ्यात आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटापर्यंत हौशी प्रवासी नेऊ लागल्या. दक्षिणेला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. डिसेंबर १९५६ मध्ये चिलीच्या एका विमानाने प्रवाशांना अंटार्क्टिकावरून फिरवून आणले आणि १९५८ च्या सुरुवातीस अर्जेंटिनाच्या ‘लेस एक्लेरर्स’ या जहाजाने पैसे भरून आलेले प्रवासी अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे नेले. त्यानंतरच्या वर्षी, १ डिसेंबर १९५९ रोजी, बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. हा करार लष्करी हालचालींना मज्जाव करतो, विज्ञानाला मोकळीक देतो आणि मालकीहक्काचे वाद गोठवून ठेवतो; पर्यटनाचा विचार त्यात नाही, कारण त्या वेळी विचार करावा इतके पर्यटनच नव्हते.

ते उभे केले ते मूळच्या स्वीडनच्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. १९६६ मध्ये त्यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन पहिली सफर नेली. भाड्याच्या जहाजावर भागणार नाही हे ओळखून त्यांनी फिनलंडमध्ये बर्फाला टिकेल अशा मजबूत तळाचे, जेमतेम शंभर प्रवाशांचे ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ बांधून घेतले आणि १९६९ मध्ये ते पाण्यात उतरले. लाल रंगाच्या या छोट्या जहाजाने आजच्या सर्व ध्रुवीय सफरींचा साचा घालून दिला : जहाजावर पक्षी, भूगर्भ आणि इतिहास जाणणारे तज्ज्ञ, संध्याकाळी त्यांची व्याख्याने, दिवसा रबरी होड्यांतून किनारा, आणि हवा बदलली की ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवण्याची मुभा. ध्रुवीय पाण्याखेरीज गालापागोस आणि ईस्टरसारख्या आडबाजूच्या बेटांवरही याच पद्धतीने सफरी गेल्या, म्हणून आज एकाच कंपनीच्या यादीत बर्फ आणि दुर्गम बेटे शेजारी शेजारी असतात. जोखीम सुरुवातीपासून होतीच. १९७२ मध्ये हे जहाज अंटार्क्टिकाजवळ खडकावर चढले आणि चिलीच्या नौदलाला प्रवासी उतरवून घ्यावे लागले. पुढे १९८४ मध्ये याच जहाजाने कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून जाणारा वायव्य मार्ग पार केला. प्रवासी जहाजाने तो पार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

धंदा खऱ्या अर्थाने वाढला तो एका राजकीय घटनेमुळे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, संशोधनाचा पैसा आटला, आणि बर्फासाठी बांधलेली, अनुभवी दर्यावर्दी असलेली रशियन जहाजे स्वस्तात भाड्याने मिळू लागली. केबिन साध्या, जेवण बेताचे, पण जहाज भरवशाचे, असा तो काळ होता. त्याच वर्षी सात कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयएएटीओ’ ही अंटार्क्टिका सफरींच्या चालकांची संघटना स्थापली आणि करारातील देशांनी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाचा जोडकरार स्वीकारला, जो १९९८ मध्ये अमलात आला. किनाऱ्यावर एका वेळी शंभरांहून अधिक माणसे नकोत, पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाही उतरवू नये, पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर राखावे, हे दंडक संघटनेने स्वतःवर घालून घेतले. माणसांच्या संख्येचे नियम २००९ मध्ये कराराच्या बैठकीनेही स्वीकारले. धंदेवाल्यांनी आपणहून घातलेली शिस्त संशयाने पाहण्याची आपली सवय योग्यच आहे, पण येथे गर्दी झाली तर विकायचा माल म्हणजे निर्जनपणाच संपतो, हे त्यांना व्यवहारानेच शिकवले असावे.

या शिस्तीचा सर्वांत बारीक भाग बुटांचा आहे. किनाऱ्यावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर बुटांचे तळ ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवावे लागतात. खिसे, पिशव्यांच्या शिवणी आणि चिकटपट्ट्या टोकदार चिमट्याने साफ केल्या जातात, कारण आपल्याकडे भाद्रपदात माळावरून चालताना पायमोज्यात अडकतात तशी कुसळे त्यांत अडकून येतात. ही काळजी अवाजवी नाही; माणसाबरोबर आलेले एक परके गवत अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर रुजलेले आहे.

समुद्रावरील नियम मात्र अपघातानंतरच कडक होतात, हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेल्या आणि सहाशेहून अधिक बळी घेणाऱ्या ‘रामदास’ बोटीची आठवण असलेल्या किनाऱ्याला नवे नाही. ध्रुवीय पर्यटनाला तो धडा मिळाला तो २३ नोव्हेंबर २००७ रोजी. लिंडब्लाड यांचे तेच लाल जहाज, तोवर मालक बदलून नुसते ‘एक्सप्लोरर’ झालेले, किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडाले. जहाजावरील सर्व १५४ जण उघड्या जीवरक्षक होड्यांत काही तास काढून ‘नोर्डनोर्गे’ या नॉर्वेच्या जहाजावर सुखरूप पोहोचले. समुद्र शांत होता आणि दुसरे जहाज जवळ होते, म्हणून हे निभावले. १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिक पाण्यात जड इंधन तेल वापरण्यास व वाहून नेण्यास बंदी आली आणि १ जानेवारी २०१७ पासून जहाजाची बांधणी, जीवरक्षक साधने आणि खलाशांचे प्रशिक्षण यांसाठी ध्रुवीय संहिता लागू झाली.

नव्या नियमांत बसणारी नवी जहाजे बांधायची तर भांडवल मोठे लागते आणि ते भाड्यातून वसूल करायचे तर श्रीमंत ग्राहक हवा. आजचा आलिशानपणा बऱ्याच अंशी या हिशोबातून आला आहे. २०१९ मध्ये बॅटरीची जोड असलेले ‘रोआल्ड आमुंडसेन’ आणि दोन हेलिकॉप्टर व पाणबुडी बाळगणारे ‘सीनिक एक्लिप्स’ आले. २०२१ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारे, स्वतः बर्फ फोडणारे ‘ल कमांडां शार्को’ सेवेत आले आणि त्याच वर्षी उत्तर ध्रुवावर जाऊन आले. १९९० च्या दशकाच्या आरंभी अंटार्क्टिकाला दर हंगामात काही हजार पर्यटक जात. आता हा आकडा लाखाच्या वर गेला आहे. नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून आर्क्टिकमधील आपल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या संरक्षित भागात दोनशेपेक्षा अधिक प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव केला. दक्षिणेला तसा बंधनकारक एकूण आकडा अजून ठरलेला नाही.

भारताचा या प्रदेशाशी संबंध मात्र पर्यटनातून नव्हे, गोव्यातून जुळला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आजही या मोहिमांची आखणी करते. मात्र ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली ठाणी पूर्व अंटार्क्टिकात आहेत, तर सहलींची बहुतेक जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील उशुआयाहून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून द्वीपकल्पाकडे जातात. त्यामुळे अंटार्क्टिका पाहून आलेल्या मराठी प्रवाशाने भारतीय ठाणे पाहिलेले नसते. कोकणाला अंटार्क्टिकाशी जोडणारा नियमित प्रवासी एकच म्हणावा लागेल, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा लहानसा काळपट पक्षी. तो तेथे घरटी करतो आणि दक्षिणेतील हिवाळ्यात अरबी समुद्रात येतो.

२०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने पर्यटनही परवान्याच्या कक्षेत आणले. भारतीय मोहिमेला, ती खासगी सहल असली तरी, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीचा परवाना किंवा माद्रिद जोडकरारातील दुसऱ्या सदस्य देशाची लेखी अनुमती लागते. सध्या परदेशी जहाजांवर जागा घेऊन प्रवासी पाठवणाऱ्या सहल कंपन्यांचे काम अशा दुसऱ्या देशाच्या अनुमतीवर चालते. मे २०२४ मध्ये कोची येथे करारातील देशांची ४६ वी बैठक झाली, तेव्हा पर्यटनासाठी सर्वसमावेशक नियमावली तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. कराराच्या बैठकीत निर्णय सर्वसंमतीनेच होतात, त्यामुळे मतदानाचा अधिकार असलेल्या एकाही देशाची हरकत राहिली तर हे काम तेथेच अडते.