बीटचं बी आणि मातीतली वात

युक्रेनच्या स्टेपमध्ये, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मैदानात, पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाणी पडतं. तिथे साखरबीट एप्रिलच्या आसपास पेरतात, पण रान तयार करायला सुरुवात होते आदल्या उन्हाळ्यात, गव्हाची कापणी उरकली की लगेच. आधी धसकटांवरून हलकी पाळी, मग थंडी पडण्याआधी फूटभर खोल नांगरट. हिवाळाभर ढेकळांतलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, आणि ढेकळं आपोआप फुटतात. आपल्याकडे उन्हाळी नांगरटीनंतर जे काम ऊन करतं, ते तिथे थंडी करते.

एवढं खोल कशाला? बीटचं सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जातं. वरच कडक थर आडवा आला, तर कंदाला फाटे फुटतात.

खरी कसोटी वसंतात. बर्फ जिरून रान वापशावर आलं, वरची माती पांढरट दिसू लागली, की उशीर न करता वरवर कुळवतात. दिव्याची वात तेल वर ओढते, तशा दाबून बसलेल्या मातीतल्या केसासारख्या पोकळ्या ओल वर ओढतात आणि ती वाऱ्यावर उडून जाते. वरचा थर मोकळा केला की ही वात तुटते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं आपले कोरडवाहू शेतकरी म्हणतात, ते याच कारणाने.

पेरणीआधीची शेवटची पाळी मात्र फार जपून द्यावी लागते. बी जितकं खोल टाकायचं, तितकीच ती खोल. ३ ते ४ सेंटीमीटर, अधिक नाही. बीटचं बी मिऱ्याहून लहान. त्याच्याखाली माती पोकळ राहिली तर तुटलेली वात त्याच्यापर्यंत ओल पोचवत नाही, बी कोरडंच पडून राहतं. पूर्वी एका बियातून दोन-तीन रोपं उगवत, त्यामुळे तूट झाकली जायची. १९४८ साली बीटचे संशोधक सावित्स्की यांना अमेरिकेत एकाच अंकुराचं बी देणारी झाडं सापडली, आणि पुढे विरळणीचे, म्हणजे जादा रोपं उपटण्याचे, कष्ट वाचले. पण आता एक बी वाया गेलं की तिथे खाडा पडतो. मातीचं पीठ करणंही मला तितकंच घातक वाटतं, कारण एका सरीने वर पापडी धरते आणि नाजूक कोंब तिच्याखालीच गुदमरतो.

म्हणून पेरणीयंत्र चार पावलं गेलं की शेतकरी गुडघे टेकून तळहाताने मोकळी माती बाजूला सारतो. खाली गार, घट्ट थर बोटाला लागला आणि बी नेमकं त्यावर टेकलेलं दिसलं, तरच यंत्र पुढे जातं.