सोळा जीबी, पण वाढपी एकच

गेल्या हिवाळ्यापासून रॅमचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतले आणि घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला कमी माल येऊ लागला. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ही बातमी वाचून सोडून दिली असती, पण तिचा एक परिणाम मला थेट भाच्याच्या टेबलावर बघायला मिळाला.

भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर शिकवणीचे पैसे साठवून त्याने गेमिंगसाठी पीसी जुळवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसत नव्हतं, म्हणून रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. याच्या पोटातच पडद्यावरची चित्रं काढणारा ग्राफिक्सचा भाग असतो. कमी पैशात खेळायचं असेल तर निवड उत्तम. सोबत ए५२०चा मदरबोर्ड, एसएसडी आणि १६ जीबी रॅम. कागदावर सगळं ठीक. घरी येऊन जीटीए फाइव्ह हा गेम लावला तर गाडी वळणावर अडखळत होती. कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा (फ्रेमचा) आकडा जेमतेम तीस.

“मामा, सोळा जीबी आहे की! अजून किती पाहिजे?”

कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढली. रॅमचे दोन स्लॉट, त्यातल्या एकात १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी), दुसरा रिकामा. दुकानदाराने फसवलं नव्हतं. दोन छोट्या स्टिकपेक्षा एक मोठी थोडी स्वस्त पडत होती आणि ‘पुढे वाढवायला एक स्लॉट मोकळा राहील’ हे त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. फक्त ते या पीसीला लागू नव्हतं. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

जीबी हा आकडा सांगतो मेमरीत किती मावतं. दर सेकंदाला तिच्यातून किती बाहेर येतं, हे तो सांगत नाही. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. कोठीत मसालेभाताची पातेली रचलेली आहेत, जिलब्यांच्या परातीवर पराती आहेत, पण वाढपी एकच. अर्धी पंगत पत्रावळीकडे बघत बसणार. कोठी मोठी केली म्हणून कुणाचं पान भरत नाही. ५६००जीमधल्या ग्राफिक्सच्या भागात आकडेमोड करणारी ४४८ छोटी एककं आहेत. त्यांना लागणारी माहिती याच रॅममधून येते. तीच ही पंगत, आणि रॅमची एक स्टिक म्हणजे एक वाढपी.

तो वाढपी किती वाढतो, हे शाळेतल्या गुणाकाराने काढता येतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंत माहिती वाहून नेणाऱ्या ६४ तारा असतात. म्हणजे एका खेपेत ६४ बिट, अर्थात ८ बाइट. भाच्याच्या स्टिकच्या डीडीआर४-३२०० या नावातला ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी खेपा. घड्याळाचे ठोके मात्र सेकंदाला १६० कोटीच असतात. ठोका चढताना एक खेप आणि उतरताना दुसरी, म्हणून ‘डबल डेटा रेट’. तर ३२० कोटी गुणिले ८, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच स्टिक लावली की प्रोसेसरकडे जाणाऱ्या आणखी ६४ तारा कामाला लागतात आणि आकडा होतो ५१.२. यालाच दुकानात ड्युअल चॅनल म्हणतात. बोर्डावर या तारा आधीपासून आहेत, त्यांचे पैसेही आपण भरलेले आहेत. रिकामा स्लॉट म्हणजे त्या ६४ तारा नुसत्या पडून.

आता थोडं आत जाऊ, कारण मला या सगळ्यात सर्वांत जास्त प्रेम आहे ते रॅमच्या चिपमधल्या एका इवल्या कपॅसिटरवर.

आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६मध्ये ही कल्पना सुचली आणि १९६८मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर (विजेची इवली झडप) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारी कुपी), बस्स. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. आजही कॉम्प्युटरची प्रत्येक रॅम स्टिक हेच करते. भाच्याच्या १६ जीबीच्या स्टिकमध्ये असे सुमारे १३,७४४ कोटी कपॅसिटर आहेत, आणि एकेकात इतका थोडा भार मावतो की तो आपोआप गळून जातो. म्हणून रॅमला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कपॅसिटर एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. याला रिफ्रेश म्हणतात. ६० एफपीएसवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे पडद्यावर चार फ्रेम जाईपर्यंत स्टिकमधला प्रत्येक बिट एकदा नव्याने लिहून झालेला असतो.

इथेच एका जुन्या समजुतीचा समाचार घेतो. डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबत राहायचं, म्हणजे कॉम्प्युटर ‘फ्रेश’ होतो आणि गेम पळतो, असं मानणारे लोक मला कॉलेजात, बँकेत, सायबर कॅफेत सगळीकडे भेटले आहेत. त्या बटणाने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा मांडली जातात. रॅमचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. रॅमचं स्वतःचं रिफ्रेश आपल्याला न विचारता सतत चालू असतं, आणि ते बंद पडलं तर सगळी माहिती पुसली जाईल. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरंही याच माळेतली. ती तारा वाढवू शकत नाहीत, कपॅसिटर वेगवान करू शकत नाहीत, उलट स्वतःच थोडी मेमरी अडवून बसतात.

तर कपॅसिटर वाचायचा कसा? ट्रान्झिस्टरची झडप उघडायची आणि आतला भार एका लांब तारेवर सांडू द्यायचा. भार इतका थोडा की तारेवरचं व्होल्टेज जेमतेम हलतं. तारेच्या टोकाला बसलेला सेन्स अँप्लिफायर ते हलणं ओळखतो आणि त्याचं ठाम १ किंवा ० करतो. पण या वाचण्यात कपॅसिटर रिकामा होतो! म्हणून तेच मूल्य पुन्हा त्यात भरून ठेवावं लागतं. शिवाय एकटा कपॅसिटर वाचता येत नाही, अख्खी ओळ एकदम उघडावी लागते. आठ चिपच्या साध्या स्टिकवर अशी एक ओळ ८ किलोबाइटची असते. ओळ उघडली की तिच्यातले हवे ते रकाने मागायचे, काम झालं की ओळ बंद करून तारा पुन्हा मधल्या व्होल्टेजवर आणायच्या आणि मग दुसरी ओळ. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. स्टिकवर ‘सीएल १६’ छापलेलं असतं. उघड्या ओळीतला रकाना मागितल्यापासून माहिती यायला १६ ठोके लागतात, असा त्याचा अर्थ. १६० कोटी ठोक्यांच्या घड्याळात १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश तीन मीटर जातो.

गंमत पुढे आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या पीसी-१३३ रॅमला याच कामाला १५ नॅनोसेकंद लागत होते. म्हणजे इतक्या वर्षांत वाट बघण्याचा वेळ १५वरून १०वर आला, एवढंच. आणि सेकंदाला येणारी माहिती? ती १.०६ जीबीवरून २५.६ जीबीवर गेली, चोवीस पट. कपॅसिटर फारसा वेगवान झालेलाच नाही, कारण भार सांडायला आणि ओळखायला लागणारा वेळ सहजी कमी होत नाही. मग चोवीस पट आली कुठून? डीडीआर४-३२००च्या चिपमधला साठा १३३ऐवजी ४०० मेगाहर्ट्झच्या चालीने चालतो, म्हणजे फक्त तिप्पट. पण दर खेपेला तो प्रत्येक तारेसाठी एकाऐवजी आठ बिट एकदम काढून दाराशी रचून ठेवतो, आणि दारातून ते एकामागून एक सुसाट बाहेर जातात. कोठीतला आचारी थोडाच भरभर भात काढतोय, पण डावाऐवजी घमेल्याने. आठ बिटांचा असा घास ६४ तारांवर म्हणजे ६४ बाइट, आणि प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान कॅश मेमरीही एका वेळी नेमके ६४ बाइटच मागते. हे जुळून येणं मला फार सुंदर वाटतं.

आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या स्वभावातला फरक. प्रोसेसरला बहुतेक वेळा पुढचं पाऊल टाकण्यासाठी एकच आकडा हवा असतो, तो येईपर्यंत तो अडून बसतो. त्याला १० नॅनोसेकंद टोचतात. ग्राफिक्सच्या भागाकडे एकाच वेळी हजारो पिक्सेलचं काम पडलेलं असतं. एकाची माहिती आली नाही तर तो दुसऱ्याचं उरकतो, त्यामुळे उशीर त्याला चालतो. त्याला चालत नाही ती टंचाई. १९२० गुणिले १०८० पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल. एकेका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक फ्रेम नुसती लिहायला ८.३ एमबी, सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे ५०० एमबी. हे काहीच नाही. पण रस्त्याचा, भिंतीचा, पानांचा पोत रॅममधून आणावा लागतो. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे पिक्सेलगणिक वाचावं आणि लिहावं लागतं. सावल्यांसाठी तेच दृश्य पुन्हा काढावं लागतं. एकाच पिक्सेलवर अनेकदा रंग चढतो. साठ एफपीएस हवे असतील तर एका स्टिकच्या २५.६ जीबीतून एका फ्रेमच्या वाट्याला ४२७ एमबी येतात, आणि त्यातही प्रोसेसर आपला वाटा उचलतो. ४४८ एककं रिकामी बसतात ती इथे.

भाच्याकडे तर याहून वाईट अवस्था होती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग २४०० दिसत होता. स्टिक ३२००ची, पण बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे स्टिकला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केलेली नसली की अशा बऱ्याच स्टिक सावध, कमी वेगाने चालतात. म्हणजे मिळत होते १९.२ जीबी. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, पैसा खर्च न होता आकडा पस्तिशीच्या पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ती स्टिक बदलून ८ जीबीच्या दोन घेतल्या. दुकानदाराने फरकाचे पैसे घेऊन लगेच दिल्या. घरी येऊन स्टिकची खाच जुळवली आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबलं. टक, टक. गाडी त्याच वळणावर आणली. आकडा पन्नाशीच्या वर जाऊन साठीशी खेळत राहिला. जीबी तेवढेच होते, सोळा. ५१.२ भागिले १९.२ म्हणजे अडीच पटीहून जास्त माहिती मिळू लागली, पण एफपीएस अडीच पट झाले नाहीत, कारण पुढच्या टप्प्यावर ४४८ एककांची आकडेमोडच कमी पडू लागते. पंगतीत सगळ्यांची पानं भरली की जेवायचा वेग ज्याचा त्याचा.

नुसत्या ‘जीबी’वर जाण्याने ग्राफिक्स कार्डातही फसगत होते. जीटी १०३० या एकाच नावाची दोन कार्डं बाजारात आली. २०१७चं जीडीडीआर५ या ग्राफिक्ससाठीच्या वेगवान मेमरीचं आणि २०१८चं साध्या डीडीआर४चं. दोन्हींत २ जीबी, दोन्हींत ३८४ एककं. पहिलं सेकंदाला ४८ जीबी वाढतं, दुसरं १६.८. जुन्या ऑफिसच्या पीसीत ‘४ जीबी ग्राफिक्स’ टाकून गेमिंग पीसी म्हणून विकतात, तिथे बहुधा असंच डीडीआर३चं मंद कार्ड असतं. याउलट आरएक्स ६६०० हे कार्ड घ्या. ८ जीबी, १२८ तारा, प्रत्येक तारेवर सेकंदाला १४०० कोटी बिट, म्हणजे २२४ जीबी. असं कार्ड परवडत असेल तर मुख्य रॅम एका स्टिकची असली तरी इतकं अडत नाही, कारण कार्डाची पंगत वेगळी आणि वाढपीही वेगळे. दुकानदाराचा ‘एक स्लॉट मोकळा’ हा सल्ला तिथे चालून जातो. मात्र असं कार्ड घेताना कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) विसंबू नका. त्यावर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतातच असं नाही. प्रमाणित एसएमपीएसला पैसे टाका आणि हवं तर लाइटवाला कॅबिनेट सोडून द्या.

ज्या डेटा सेंटरांमुळे रॅम महागली, तिथेही हाच खेळ आहे. त्यांच्या एचबीएम मेमरीत कपॅसिटर डेनार्ड यांचाच, फक्त चिप एकावर एक रचून प्रत्येक चळतीला निदान १,०२४ तारा जोडलेल्या असतात. आपल्या स्टिकला ६४.

डीडीआर४नंतरच्या डीडीआर५ रॅमचा पीसी घेणाऱ्यांसाठी एक इशारा. ‘डीडीआर५ची एकच स्टिक ड्युअल चॅनल असते’ असं हल्ली ऐकायला मिळतं. तिच्यात दोन उपचॅनल असतात हे खरं, पण प्रत्येक ३२ तारांचा. बेरीज ६४च. डीडीआर५-६०००च्या एका स्टिकवर ४८ जीबी आणि दोनवर ९६. रायझन ५ ८६००जीसारखा पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेणार असाल तर तिथेही दोनच घ्या. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

आणि दुकानातून कोटेशन हातात पडलं की रॅमच्या ओळीत नुसतं ‘१६ जीबी’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर तिथेच पेनाने ‘८ गुणिले २, ३२००’ लिहून घ्या, मग ॲडव्हान्स द्या.