दम्याच्या कफातले स्फटिक

दम्याच्या रुग्णाचा चिकट बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कधीकधी त्यात दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले, रंगहीन स्फटिक दिसतात. जर्मन वैद्य लायडेन यांनी १८७२ मध्ये दमेकऱ्यांच्या कफात ते नोंदवले. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या एका प्रथिनाचे हे स्फटिक बनतात. रक्ततपासणीच्या अहवालात ‘इओसिनोफिल वाढले आहेत’ असे लिहिलेले असते, त्याच या पेशी.

दमा म्हणजे श्वासनलिका आकसणे, एवढेच बहुतेकांना माहीत असते. पण नलिकेभोवतीचा स्नायू आवळतो तो बऱ्याच आधीपासून चाललेल्या गडबडीमुळे. धूळ, परागकण किंवा विषाणूंनी नलिकेचे अस्तर दुखावले की तिथल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. मग ‘टी-हेल्पर २’ या रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशी कामाला लागतात. त्यांच्या सांगण्यावरून त्याच यंत्रणेतल्या बी पेशी ‘आयजीई’ हे प्रतिपिंड, म्हणजे परक्या कणांना ओळखून चिकटणारे प्रथिन, बनवतात आणि ते रसायने साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटते. तीच धूळ पुन्हा आत गेली, की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्रायन ही स्नायू आवळणारी रसायने ओततात. छाती आवळते, घरघर सुरू होते. ही सगळी यंत्रणा मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढण्यासाठी घडली, असे मानले जाते. दम्यात ती निरुपद्रवी कणांवर तुटून पडते.

बरे वाटू लागल्यावर चारेक तासांनी पुन्हा धाप लागते, ती बऱ्याचदा इओसिनोफिल आणि त्यांच्यासोबत आलेल्या पेशींमुळे. इओसिनोफिलमधल्या विषारी प्रथिनांनी अस्तर सोलवटते, सूज वाढते. तातडीच्या पंपाने स्नायू सैल पडतो, सूज मात्र तशीच राहते. म्हणून फक्त त्याच पंपावर वर्षानुवर्षे काढणारी माणसे पाहिली की मला काळजी वाटते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना तेवढ्यावर ठेवू नये असे सांगितले आहे. सूज उतरवणारे स्टेरॉइड श्वासावाटे घ्यावे लागते.

मग इओसिनोफिलच कमी केले तर? त्यांची वाढ ‘इंटरल्युकिन-५’ या रेणूवर अवलंबून असते. त्याला अडवणारे मेपोलिझुमॅब हे औषध तयार झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातले इओसिनोफिल झपाट्याने घटले, पण रुग्णांच्या श्वासात फारसा फरक पडला नाही. इओसिनोफिलवर उगाच आळ घेतला, असे अनेकांना वाटू लागले. चूक रुग्ण निवडण्यात होती. दमा हे एकाच आजाराचे नाव नाही. काहींच्या श्वासनलिकेत न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, आणि अशांना स्टेरॉइडही कमी लागू पडते. २००९ मध्ये दोन छोट्या अभ्यासांनी स्टेरॉइड घेऊनही कफात इओसिनोफिल टिकून राहिलेलेच रुग्ण घेतले, आणि त्यांचे दम्याचे झटके खरोखर कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. तेच औषध, तीच पेशी. बदलली ती फक्त निवड. मला या साऱ्यात हे सर्वात मोलाचे वाटते.

आणि ते स्फटिक? मेलेल्या पेशींचा कचरा म्हणून शतकभराहून अधिक काळ त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी ते उंदरांच्या फुप्फुसात सोडले, तर स्फटिकांनीच नवी सूज उठवली. त्याच गटाने स्फटिकांना चिकटणारी प्रतिपिंडे तयार केली. रुग्णांच्या कफात ती मिसळल्यावर स्फटिक विरघळू लागले.